निरोगी नमुना क्रमांक एकोणीस

अल बर्शा, दुबई
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय अनुराधा,

तुझे सात मेसेज आणि दोन मिस्ड कॉल माझ्या फोनवर तसेच पडून आहेत. डिसेंबरातल्या त्या शनिवारी तू आमच्याकडून गेलीस, त्यानंतर मी तुला एका शब्दाचंही उत्तर दिलेलं नाही. अठरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. तुला वाटलं असेल, मुग्धा रडत बसली असेल, सावरली की आपणहून फोन करेल. मी रडत नव्हते, अनु. शाळेत जात होते, लायब्ररीत पुस्तकं लावत होते, अस्मीचा डबा भरत होते आणि मनातल्या मनात तुला हे पत्र लिहीत होते. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस. तुला समजावता फार छान येतं. म्हणून कागद घेतला.

घरचं म्हणशील तर सगळं चाललंय. अस्मीची बारावीची प्रिलिम संपली. व्हिसा आता माझ्या नोकरीवर आहे, त्याचे कागद झाले. सुजीतचे शर्ट सिरिल घेऊन गेला, वेअरहाऊसमधल्या पोरांना देतो म्हणाला. मीच दे म्हटलं होतं, पण पिशव्या लिफ्टमध्ये ठेवताना एक निळा चेक्सचा काढून घेतला. सिरिलने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. वसईचा हा माणूस सुजीतच्या बाजूच्या टेबलावर नऊ वर्षं बसला. दर शुक्रवारी अजूनही येतो, बायकोने, सुझीने, केलेला केक ठेवतो आणि पाच मिनिटांत निघतो. चौदा किलो वजन उतरवलंय त्याने. दारू सोडली. रोज संध्याकाळी पाँड पार्कला चार फेऱ्या मारतो. मला त्याचा राग येतो, अनु. तो जिवंत आहे याचा राग येतो, आणि मग मला माझीच शरम वाटते.

तुला आठवतं, आपण करामाला एकाच मजल्यावर राहायचो? तू नुकतीच पीएचडी संपवून आलेली, एकटी, आणि मी नवी नवरी. आमच्याकडचा गॅस संपला की तुझ्या किचनमध्ये आमची आमटी शिजायची. अस्मी झाली तेव्हा सुजीत मस्कतला अडकला होता आणि लेबर रूमच्या बाहेर तू उभी होतीस. नर्सने बाळ आधी तुझ्याच हातात दिलं. पुढे आम्ही बर्शाला आलो, तर तूही दोन गल्ल्या पलीकडे आलीस. गणपतीला नैवेद्याचं ताट तुझ्या हातून व्हायचं, कारण माझे मोदक फुटायचे. हे सगळं तुझं कौतुक म्हणून लिहीत नाही. मी तुझ्यावर डोळे मिटून का विसंबले, ते माझं मलाच पुन्हा एकदा पाहायचंय.

तो जेवणाचा दिवस मला पूर्ण आठवतो. दोन हजार तेवीसचा जानेवारी संपत आला होता. तू ऑफिसमधून तशीच आलीस, भुकेली आणि आनंदात. लिव्हरचा कॅन्सर अगदी लहान असतानाच रक्तातून ओळखायची टेस्ट तुमची टीम करतेय, म्हणालीस. अस्मीने विचारलं, "बट हाऊ, मावशी?" तू पोळीचा तुकडा खाली ठेवलास आणि तिला सांगितलंस की प्रत्येक पेशीत हजारो जीन्स असतात, पण सगळे एकाच वेळी बोलत नसतात. काही मोठ्याने बोलतात, काही गप्प असतात. लिव्हरमध्ये गाठ धरायला लागली, की पोट दुखायच्या किती तरी आधी रक्तातल्या पेशींत काही ठरावीक जीन्सचा आवाज वाढतो. असे अठरा जीन्स तुम्ही निवडले होते. सगळ्यांचा मिळून एक आकडा निघतो, शून्य ते शंभर, आणि साठच्या वर गेला की काळजी. जुन्या टेस्टमध्ये लहान गाठी सुटतात, आमच्यात सुटणार नाहीत, असं तू म्हणालीस. सुजीत म्हणाला, "आमच्या घरात मोठा आवाज फक्त मुग्धाचा, तिचं रक्त घ्या." आपण किती हसलो. त्या रात्री अस्मीने जाहीर केलं की ती बायोटेकच करणार, अनुमावशीसारखं.

तुला दोन प्रकारची माणसं हवी होती. एक, ज्यांच्या लिव्हरला आधीपासून काही त्रास आहे अशी. त्यांचा आकडा वर आला तर तुम्ही त्यांना लगेच सोनोग्राफीला पाठवणार होतात. आणि दुसरी छत्तीस, ठणठणीत, तुलना करायला. त्यांना त्यांचा आकडा कळणार नव्हता, तसं फॉर्मवर छापलंच होतं. पस्तीस मिळाली होती. सुजीत म्हणाला, "मी येतो की, त्यात काय. सिरिललाही घेऊन येतो, त्याच्यात ब्लड कमी आणि बिअर जास्त असेल." अठरा फेब्रुवारीच्या शनिवारी मी गाडी चालवत दोघांना तुझ्या लॅबला आणलं. सुजीतला सुईची भीती वाटायची, त्याने माझा हात धरला होता. नंतर तू सगळ्यांना कराक चहा पाजलास. सुजीतच्या नळीवर स्टिकर लागला: नमुना क्रमांक एकोणीस. नंबर तुम्ही मुद्दाम उलटसुलट द्यायचात. खालच्या ओळीत तुम्ही लिहायचात, निरोगी.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते गुरुवारी-गुरुवारी पाहिलंस आणि मी रोज. दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात त्याचा उजवा खांदा दुखायला लागला. लॅपटॉपमुळे असेल म्हणून आम्ही खुर्ची बदलली. सप्टेंबरात जेवण जाईना. ऑक्टोबरात सोनोग्राफी झाली आणि ती करणारी मुलगी मधेच उठून डॉक्टरांना बोलवायला गेली. सात सेंटिमीटरची गाठ, आणि ती लिव्हरच्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली. ऑपरेशन होणार नव्हतं. कॅन्सरची रक्ताची ती जुनी टेस्ट तेव्हाही नॉर्मल आली होती. डॉक्टर म्हणाले, ही दीड-दोन वर्षांची असणार, दोन सेंटिमीटरची असताना सापडली असती तर काढून टाकता आली असती. मी तुझ्याकडे पाहिलं, कारण तू माझ्या शेजारीच बसली होतीस. तू तुझ्या पर्सची चेन उघडत होतीस, लावत होतीस.

भेटायला येणारे एकच विचारायचे. "प्यायचे का हो?" काही जण तोंडावर, काही जण लिफ्टमध्ये. सुजीतने आयुष्यात कधी बिअरसुद्धा घेतली नव्हती. ऑफिसच्या पार्टीत लबान, म्हणजे ताक, पिणारा माणूस. शेवटी शेवटी तोच म्हणायचा, "सांग त्यांना, हो म्हणावं, पिंपभर प्यायचो. निदान हिशेब तरी जुळेल त्यांचा." पोटात पाणी भरलं, डोळे पिवळे झाले. तू दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी घेऊन यायचीस. तो खायचा नाही, पण तुझं मन राखायला दोन घास तोंडात धरायचा. तू त्याचे सुजलेले पाय चेपायचीस. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं केलंस, असं मी सगळ्यांना सांगायचे. मार्चमध्ये, रमझान चालू असताना, इफ्तारच्या थोडं आधी तो गेला. नर्सेस खजुराच्या प्लेटा लावत होत्या. जबल अलीच्या स्मशानातले सगळे कागद सिरिलने केले आणि तू अस्मीला धरून उभी राहिलीस.

आता त्या डिसेंबरच्या शनिवारकडे येते. तू आलीस ती फाइल घेऊन. तुझा चेहरा पाहून मला वाटलं, प्रमोशन झालं असेल. तू माझे दोन्ही हात हातात घेतलेस आणि म्हणालीस, "मुग्धा, तुला एक सांगायचंय, पण ते चांगलं आहे असं समजून ऐक. आमच्या टेस्टला सुजीतचं कळलं होतं." त्याचा आकडा एक्क्याण्णव आला होता. वीस महिने आधी. पण तो निरोगी गटातला, त्याचा आकडा एवढा वर कसा, म्हणून नळी हाताळताना काही तरी चुकलं असणार असं धरलं गेलं आणि एकोणीस नंबर काढून टाकला गेला. पहिल्या पेपरमध्ये निरोगी माणसं पस्तीसच राहिली. नावं कोडमध्ये होती, कोण ते कुणालाच माहीत नव्हतं, आता परवानगी घेऊन कोड उघडला तेव्हा कळलं, असं तू सांगितलंस. "त्याचं जाणं फुकट नाही गेलं गं. लिव्हरचा काहीही आजार माहीत नसलेला माणूस, आणि तरी आमच्या टेस्टने पकडला. यापेक्षा मोठा पुरावा नाही." मग तू फाइल उघडलीस आणि त्याचा नमुना नव्या पेपरमध्ये घ्यायच्या परवानगीवर माझ्या सहीची जागा दाखवलीस. डॉक्टर नबिला तुझ्या बॉस, त्यांनाही फार वाईट वाटलं, हेही सांगितलंस. मी तुला चहा केला. मला काही कळेनासंच झालं होतं. तू गेल्यावर दोन्ही कप भरलेले होते.

त्यानंतर चार दिवसांनी, शाळेत पुस्तकांवर शिक्के मारताना, मला तो फोन आठवला. दोन हजार तेवीसचा मे महिना. मी लुलूमध्ये भाजी घेत होते. तू उगीचच फोन केलास, इकडचं तिकडचं बोललीस आणि मग विचारलंस, "सुजीत बरा आहे ना? भूक, वजन वगैरे?" मी हसले. म्हटलं, वजन? दोन किलो वाढलंय, तूच सांग त्याला काही. तू सुटकेचा श्वास टाकलास, तो मी फोनवर ऐकला. तेव्हा वाटलं होतं, किती काळजी करते ही आमची. अनु, ज्या नमुन्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, त्या नमुन्याच्या माणसाची भूक तू का विचारलीस? छत्तीस जणांपैकी त्या शनिवारी रक्त दिलेला एकच होता. कोड उघडायची तुला गरज नव्हती. तू दुसऱ्यांदा टेस्ट लावलीस का, तिसऱ्यांदा लावलीस का, ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की तू मला विचारलंस, मी "वजन वाढलंय" म्हटलं, आणि तुला तेवढं पुरलं. "मुग्धा, एकदा सोनोग्राफी करून घे त्याची." एवढंच बोलायचं होतं. कारण नसतं सांगितलंस तरी मी घेऊन गेले असते. तू सांगितलंस म्हणून गेले असते.

मग तू का बोलली नाहीस, याचं उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचले तिथे तू एकटी नव्हतीस. तिथे मीही होते. म्हणूनच पत्राला एवढे दिवस लागले.

त्या शनिवारी लॅबच्या सोफ्यावर सुजीत फोनवर कुठल्याशा अडकलेल्या कंटेनरवरून ओरडत होता. त्याने पेन माझ्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, तूच भर. मी भरला. वय, उंची, डायबेटिस, सगळं. नववा प्रश्न होता, तुम्हाला फॅटी लिव्हर किंवा यकृताचा कोणताही आजार असल्याचं कधी सांगण्यात आलं आहे का. मी थांबले. त्याच्या दोन वर्षं आधी कंपनीच्या चेकअपमध्ये फॅटी लिव्हर, ग्रेड टू असं लिहून आलं होतं. वजन कमी करा, पुन्हा दाखवा, असंही होतं. आम्ही ते फ्रिजवर लावलं आणि मग ते फ्रिजवरून कुठे तरी गेलं. मी तुला हाक मारून विचारलं. तू नळ्या मोजत होतीस. म्हणालीस, "अगं, दुबईत चाळिशीनंतर कुणाला नसतं ते? 'नाही'वर टिक कर. नाही तर तो दुसऱ्या गटात जाईल आणि मला छत्तिसावा माणूस कुठून मिळणार? आज शेवटचा दिवस आहे." मी टिक केली. सुजीतने फोन कानाला धरूनच सही केली.

सिरिलने स्वतःचा फॉर्म स्वतः भरला. नवव्या प्रश्नाला त्याने 'हो' लिहिलं आणि वर तारीखही घातली. तो दुसऱ्या गटात गेला. त्याचा आकडा साठच्या जरासा वर आला, तेव्हा तुमच्या कोऑर्डिनेटर अबरारने त्याला तीनदा फोन करून सोनोग्राफीला नेलं. गाठ नव्हती, पण लिव्हर सुजलेलं होतं, डॉक्टरने असा काही दम भरला की त्याने त्या दिवसापासून बाटलीला हात लावला नाही. हे मला त्यानेच गेल्या महिन्यात सांगितलं. सहज सांगितलं, त्याला काय माहीत मी काय ऐकतेय. सुजीतच्या फॉर्मवर 'हो' असता तर त्या एक्क्याण्णवला कुणी चूक म्हटलं नसतं. अबरारने त्यालाही फोन केला असता. तुला हे मे महिन्यात कळलं होतं. आकडा खरा मानायचा तर फॉर्म खोटा होता हे सांगावं लागलं असतं, आणि कुणाच्या सांगण्यावरून खोटा, तेही. म्हणून तू नळीला चूक ठरवलंस. तू त्याला मारलंस असं मी म्हणणार नाही. तुला खात्री नसेल, तुला खरंच वाटलं असेल की नळीच बिघडली. पण खात्री करून घ्यायची तुला भीती वाटली, आणि त्या भीतीचे सतरा महिने त्याच्या पोटात वाढत गेले. मग दर गुरुवारी तू खिचडी घेऊन आलीस. ती कुणासाठी होती, अनु? त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?

मला स्वतःला काय विचारायचं, ते मी रोज विचारते. तू वैज्ञानिक आहेस, तुला घाई होती. मी बायको होते, मला कसली घाई होती? त्याला एकदा हलवून विचारायला काय झालं होतं? तुला नाराज करायचं नव्हतं, बस. एका मैत्रिणीला एक माणूस कमी पडू नये म्हणून मी माझा माणूस निरोगी लिहून दिला.

गेल्या गुरुवारी मी अस्मीला सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवून तुझ्याशी भांडणं मला जमलं नसतं. ती बराच वेळ टेबलावरची मिठाची डबी फिरवत राहिली. मग म्हणाली, "सो यू टिक्ड इट." मी हो म्हटलं. "अँड शी टोल्ड यू टू." हो. ती उठून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबा घेतला, पण निघताना रोज म्हणते तसं बाय म्हणाली नाही. आज सकाळी बायोटेकचे फॉर्म तिने लॅपटॉपवरून काढून टाकले. मी म्हटलं, त्यात त्या विषयाचा काय दोष? "आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट, आई." निदान आई म्हणाली.

आता हे पत्र का, ते सांगते. तुझ्या फाइलमधल्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे. माझ्या पतीला नोंदणीच्या वेळी यकृताचा कोणताही ज्ञात आजार नव्हता, हे मी जाणते. तुला माझी सही मुख्यतः त्या ओळीखाली हवी आहे, कारण 'निरोगी माणसात पकडला' म्हटलं की तुझी टेस्ट मोठी होते. ती ओळ मी खोडली आहे आणि बाकी सगळीकडे सही केली आहे. सुजीतचं रक्त वापरा, त्याला आवडलं असतं, आणि ते अठरा जीन्स खरंच बोलत होते हे लोकांना कळायला हवं. पण तो निरोगी नव्हता, तसं लिहा. कंपनीचा तो जुना रिपोर्ट मला एचआरकडून परत मिळाला. तो, खोडलेलं पान, आणि नववा प्रश्न कुणी भरला, कुणाला विचारून भरला, मे महिन्यात मला कुणाचा फोन आला, हे सगळं मी आज सकाळी डॉक्टर नबिलांना ईमेल केलंय. माझं नाव आधी लिहिलंय, तुझं नंतर. उद्या सोमवारी त्या तुला बोलावतील. तिथे बसल्यावर तुला पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र आज संध्याकाळी सिरिल तुझ्या वॉचमनकडे ठेवून जाईल. मला तसं कुणी आधी सांगितलं नव्हतं. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. घरी येऊ नकोस, अस्मी दार उघडेल.

अठरा वर्षं तुझीच असलेली,
मुग्धा